झेंडू लावला, तरी टोमॅटोला अळी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नाशिकजवळ घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. गेल्या वर्षी कुठंतरी ‘सोबतीच्या पिकांचा’ तक्ता मिळाला. तो छापून फ्रिजवर लावला आणि त्याबरहुकूम टोमॅटोशेजारी तुळस, गाजरात कांदा, कोबीभोवती लसूण आणि जागा दिसेल तिथं झेंडू लावला. तरी टोमॅटोला भोकं पडली, कोबीची चाळण झाली, वांगी किडकी निघाली. आता विचारताय की यात काही तथ्य आहे की नुसती हौस, आणि तथ्य असेल तर कशाशेजारी काय लावू?

तथ्य आहे, ताई. पण तुमच्या हाती लागलेला तक्ता दुसऱ्याच कुणाच्या बागेचा आहे.

गाजर-कांद्याची जोडी घ्या. ती युरोपातल्या बागांतून आली. तिकडे गाजराला एक माशी लागते, तिची अळी मुळात बोगदे करते. कांद्याच्या वासानं तिला गाजर सापडत नाही, असा तिकडचा अनुभव. ते दुखणं थंड देशांतलं. साताऱ्यात सव्वीस वर्षं परसबाग करतेय, गाजराला ती माशी मी एकदाही पाहिलेली नाही. म्हणजे तुम्ही नसलेल्या रोगावर औषध दिलंत. कांदा वाया गेला नाही, खाल्लात, एवढंच.

असल्या तक्त्यांत ‘याला ते आवडतं, त्याचं याच्याशी पटत नाही’ असं लिहिलेलं असतं. ते वाचलं की मला पत्रिका जुळवल्यासारखं वाटतं. मी कुठलंही सोबतीचं झाड लावताना एकच प्रश्न विचारते: तू इथं काम काय करणार? उत्तर मिळालं नाही, तर त्या जागी मेथी टाकते.

हे मी पानमळ्यात शिकले. माझं माहेर मिरजेकडचं, वडिलांचा पानमळा होता. पानवेलीला आधाराला शेवरी, शेवगा, पांगारा. शेवरी भराभर वाढून वेलीला सावली आणि आधार द्यायची. कडेला दाट लावलेली शेवरी वारा अडवायची. छाटलेला पाला शेळ्यांना जायचा. दरवर्षी वेलींची उतरण व्हायची, म्हणजे वाढलेले वेल खाली उतरवून पुन्हा लावायचे, तेव्हा कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे वडील त्याच्या कामावरून ठरवायचे. जिरायत शेतात ज्वारीच्या मधल्या ओळींत तूर घालायचे, त्याला जुनी माणसं इरवाड म्हणायची. ‘कंपॅनियन प्लांटिंग’ हा शब्द मी फार उशिरा ऐकला.

आता तुमच्या टोमॅटोकडे येते. आधी मला सांगा, भोक कसं होतं? बोट जाईल एवढं मोठं, आणि अळी अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबतेय, असं असेल तर ती फळ पोखरणारी अळी, हरभऱ्यावरची घाटेअळी तीच. देठाजवळ टाचणी टोचल्यासारखी बारीक भोकं आणि पानांवर पांढुरके पारदर्शक पट्टे असतील तर ती टुटा नावाची अळी. ती दक्षिण अमेरिकेतून फिरत फिरत आली, २०१४ साली महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडली. टुटाला झेंडूचं काही सोयरसुतक नाही. तिच्यासाठी पोखरलेली पानं रोज तोडायची आणि तिचा कामगंध सापळा लावायचा. वास एकाच जातीच्या नर पतंगाला ओढतो, म्हणून दुकानात मागताना ‘टोमॅटोचा’ एवढंच न म्हणता टुटाचाच मागा.

मोठं भोक असेल तर झेंडू कामाचा. पण कसा, ते नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांची गल्लत होते. झेंडूच्या वासानं किडी पळतात असा समज आहे. टोमॅटोच्या बाबतीत उलटं घडतं. त्या पतंगाच्या मादीला झेंडूची फुलं आणि कळ्या फार आवडतात, अंडी घालायला ती टोमॅटो सोडून तिकडं जाते. म्हणजे झेंडू हा सापळा आहे. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं याचं गणित बसवलं: टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची एक ओळ, लावताना झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं. हा वीस दिवसांचा फरकच सगळं करतो. टोमॅटो फुलावर येईल तेव्हा शेजारी झेंडू फुललेला पाहिजे. दोन्ही रोपं एकाच दिवशी एकाच रोपवाटिकेतून आणून लावली, की झेंडू कळीवर येईपर्यंत टोमॅटोवर अंडी पडून गेलेली असतात.

आपल्याकडं हे कॅलेंडरातही छान बसतं. २५-२६ जुलैला झेंडूचं बी टाका, १५ ऑगस्टला टोमॅटोचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही एकदम लावा. टोमॅटो फुलावर येतात तेव्हा झेंडूही भरात असतो, दसऱ्याच्या आगेमागे. उंच वाढणारा, मोठ्या पिवळ्या-केशरी फुलांचा झेंडू घ्या, आपला तोरणाचाच. डझनभर टोमॅटोच्या वाफ्याला दोन टोकांना दोन-दोन झाडं पुरतात.

आणि आता माझी फजिती ऐका. सुरुवातीच्या एका वर्षी मी वाफ्याभोवती चौदा झेंडू लावले. बाग अशी दिसत होती की येणारा-जाणारा फोटो काढायचा. मी फुलांना हात लावू द्यायची नाही. टोमॅटो पिकायला लागले आणि तीनातला एक किडका. दसऱ्याला तोरणासाठी फुलं तोडायला बसले तेव्हा उलगडा झाला. फूल उलटं करून खालची हिरवी बोंडी सोलली, की आत ओलसर काळपट विष्ठेचे दाणे आणि त्यात वेटोळं घातलेली अळी. टोपलीभर फुलांत अशी कितीतरी. सापळा मी लावला होता, पण रिकामा कधी केलाच नव्हता. चौदा झाडांवर मी अळ्या पोसत होते आणि त्या मोठ्या झाल्यावर शेजारच्या टोमॅटोवर जात होत्या.

तेव्हापासून झेंडू फुलला की एक दिवसाआड सकाळी पाच मिनिटं फक्त झेंडूपाशी. कळ्यांवर आणि कोवळ्या पानांवर पांढुरकी अंडी एकएकटी चिकटलेली असतात, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. चाळिशीनंतर चष्मा लागतोच. पूर्ण उमललेली फुलं मी सरळ तोडते: चांगली देवाला, पोखरलेली साबणाच्या पाण्याच्या बादलीत. एवढं जमणार नसेल तर झेंडू टोमॅटोजवळ लावूच नका, फाटकापाशी लावा. हे मी गंमतीनं म्हणत नाहीये.

झेंडूचं दुसरं काम जमिनीखाली चालतं आणि त्याचा वरच्या कामाशी काही संबंध नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, लागतात. झाड दुपारी माना टाकतं, पाणी दिलं तरी वाढ खुंटलेली. असं झाड संपलं की फेकण्याआधी उपटून मुळं धुवून बघा. मुळंच जागोजागी सुजल्यासारखी, आल्याच्या बारीक कुड्यांसारखी वेडीवाकडी दिसली तर सूत्रकृमी. चवळी-घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी निराळ्या असतात. त्या मुळाला बाजूनं चिकटलेल्या, नखानं खरवडल्या की सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी. त्या चांगल्या. हा फरक माहीत नसल्यानं उत्तम चवळी उपटून जाळणारे लोक मी पाहिलेत.

झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक असं द्रव्य सुटतं, हे खरं आहे. पण ते मुळांच्या लगतच काम करतं. टोमॅटोच्या दोन झाडांत एक झेंडू खोचून वाफा शुद्ध होत नाही. मुळं ज्या वाफ्यात सुजलेली निघाली, तो अख्खा वाफा दाट झेंडूनं भरायचा, दोन-अडीच महिने त्यात दुसरं काही नाही, तणसुद्धा नाही, कारण सूत्रकृमी तणांवरही तग धरतात. मग झाडं चिरून तिथंच मिसळायची आणि पुढचं पीक घ्यायचं. या कामाला बुटका, लाल-पिवळ्या छोट्या फुलांचा मखमली झेंडू जास्त चांगला. माझ्याकडं हे दुखणं एका रोपवाटिकेतल्या मिरचीच्या रोपांबरोबर आलं. स्वस्तात शंभर रोपं घेतली आणि तीन वर्षं फेडत बसले. विकतची रोपं आणाल तेव्हा एक रोप माती झटकून मुळाशी बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

कोबीची चाळण झाली म्हणता, तर तो बहुतेक चौकोनी ठिपक्यांचा पतंग. करड्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यांची रांग दिसते. अळी लहान, हिरवी. बोट लावलं की वळवळत मागं सरकते आणि तार सोडून लोंबकळते. लसणीचा तिच्यावर काही परिणाम होताना मला दिसला नाही. मोहरीचा होतो. त्याच बेंगळुरूच्या संस्थेची शिफारस आहे: कोबीच्या २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक कोबी लावायच्या १५ दिवस आधी आणि दुसरी कोबी लावल्यावर २५ दिवसांनी. दुसरी अशासाठी, की कोबीचा गड्डा भरायच्या ऐन वेळी पहिली मोहरी जून होऊन पतंगाच्या मनातून उतरलेली असते. घरच्या वाफ्यात दोन्ही कडांना एकेक ओळ पुरते. इथंही तोच नियम, मोहरीवर लक्ष ठेवायचं. निंबोळीची ५० ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, ते पाणी मोहरीवर फवारायचं. कोबीवर फवारणी वाचते हा खरा फायदा.

कोबीच्या मधल्या जागेबद्दल एक गमतीची गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर या कीटकतज्ज्ञांनी २००० साली एक विचार मांडला. कोबीवर येणारी माशी आधी डोळ्यांनी ‘हिरवं’ शोधते. मातीवर बसत नाही, हिरव्यावर बसते. बसल्यावर पायांनी पान चाखते, कोबी आहे अशी खात्री पटायला तिला लागोपाठ काही वेळा कोबीचंच पान लागावं लागतं. मध्ये दुसरं काही लागलं की तिचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. प्रयोगात कोबीभोवती हिरव्या कागदाची पानं ठेवली तरी अंडी कमी पडली. कागदाला कसला आलाय वास! स्वच्छ खुरपलेल्या तपकिरी मातीत एकेकटा उभा हिरवा कोबी म्हणजे किडीला दिलेलं जेवणाचं निमंत्रण. हे वाचल्यापासून कोबीच्या मध्ये वासाचं काय लावू, ही काळजी मी सोडली. मेथी टाकते.

मेथी टाकण्याचं दुसरं कारण निव्वळ जागेचं आहे, आणि खरं सांगायचं तर परसबागेत सोबतीच्या पिकांचा सगळ्यात भरवशाचा फायदा हाच. चार फूट बाय बारा फुटांच्या वाफ्यात दीड-दीड फुटावर चोवीस कोबी बसतात. लावल्यावर महिनाभर त्या वाफ्यातली निम्म्याहून जास्त जमीन मोकळी असते. त्याच दिवशी ओळींमध्ये मेथी विस्कटली तर पंचवीस-तीस दिवसांत जुड्या निघतात. कडेला मुळा टोचला तर दीड महिन्यात उपटून होतो, आणि नेमकं तेव्हाच कोबीची पानं एकमेकांना भिडायला लागतात. मेथी उपटायला उशीर मात्र करायचा नाही. ‘अजून जरा वाढू दे’ म्हणत आठ दिवस गेले की तीच मेथी कोबीचं खाते. वांग्यात कोथिंबीर, मिरचीत पालक, दुधीच्या मांडवाखाली आळू नाहीतर हळद, सगळा हाच हिशेब: एकाची वाढ सुरू व्हायच्या आत दुसऱ्यानं जागा सोडायची, किंवा एकाला ऊन हवं आणि दुसऱ्याला सावली.

उन्हाळ्यात तर सावली हीच मोठी सोबत. एप्रिलमध्ये उघड्यावर टाकलेली कोथिंबीर चार पानांवरच फुलायला धावते. दोडक्याच्या मांडवाच्या पूर्वेला, जिथं सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं, तिथं तीच कोथिंबीर बऱ्यापैकी होते.

मका, घेवडा आणि भोपळा, या अमेरिकेतल्या ‘तीन बहिणीं’बद्दलही तुम्ही विचारलंय. मका आधार देतो, घेवडा चढतो, भोपळा जमीन झाकतो. तिथले मूळ रहिवासी मक्याचे दाणे आणि घेवड्याचं बी वाळवून वर्षभरासाठी साठवत, म्हणजे मधल्या काळात त्या शेतात रोज पाय घालायची गरज फारशी नव्हती. तुम्हाला एक दिवसाआड कोवळा घेवडा तोडायचाय, तोही भोपळ्याच्या काटेरी वेलांतून वाट काढत, पावसाळ्यात. मी एकदा केलं आणि पायाला खाज घेऊन बाहेर आले. छोट्या जागेत हे जंगल होतं. नका करू.

घेवडा, चवळी शेजारच्या पिकाला नत्र देतात हेही तक्त्यात असतं. जिवंत असेपर्यंत ती झाडं आपलं नत्र बहुतेक स्वतःलाच वापरतात. शेजाऱ्याला उसनं फारसं देत नाहीत, मेल्यावर वारसा ठेवून जातात. म्हणून चवळी संपली की उपटायची नाही, जमिनीलगत कापायची. मुळं आत कुजू द्यायची, पाला वाफ्यावरच पसरायचा, आणि मग त्या जागी कोबी किंवा पालक घ्यायचा.

चवळीचं माझ्याकडं आणखी एक काम आहे. तिच्यावर चकचकीत काळा मावा येतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. पण तो मावा मुख्यतः शेंगवर्गातच रमतो. तो आला की आठवड्यात ढालकिडे येतात, ते लाल, काळ्या ठिपक्यांचे. अंडी घालतात आणि मग त्यांची पिल्लं निघतात. पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत, काळी, लांबुळकी, अंगावर नारिंगी डाग, अगदी मगरीचं छोटं पिल्लू. बचत गटातल्या बायकांना दाखवते तेव्हा दहातल्या आठजणी म्हणतात, ‘ही तर आम्ही चिरडतो!’ चिरडू नका. चवळीवरचा मावा संपवून ती मिरची-वांग्यावरच्या माव्याकडे वळते. चवळीवर औषध मारलंत तर हे सगळं मोडलं.

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची चार-चार झाडं फुलावर जाऊ द्या. आपण कोथिंबीर जून झाली की उपटून टाकतो. त्या बारीक पांढऱ्या छत्र्यांवर दहा वाजता उन्हात दोन मिनिटं उभ्या राहून बघा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या दिसतील. त्या डंख करत नाहीत, त्यांच्या अळ्या मावा खातात. डासापेक्षा बारीक गांधीलमाश्याही येतात, त्या किडींच्या अंड्यांत नाहीतर अळ्यांत आपली अंडी घालतात. त्यांचं तोंड आखूड, जास्वंदीसारख्या खोल फुलातला मध त्यांना पोचत नाही. छत्रीसारखं उघडं फूल लागतं. आणि तुम्हाला धणे मिळतात ते निराळेच. दर तीन आठवड्यांनी मूठभर धणे टाकत राहिलं तर बागेत कायम काही ना काही फुललेलं असतं.

तुळशीबद्दल. टोमॅटोची चव सुधारते वगैरे मला कधी जाणवलं नाही. पण तुळशीला मंजिऱ्या आल्या की निळसर पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी येते, आणि तिचा उपयोग आहे. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग नळीत बंद असतो, मिठाच्या डबीसारखा, हलवल्याशिवाय पडत नाही. आपली सातेरी मधमाशी ते करू शकत नाही. ही माशी आणि मोठा काळा भुंगा फूल धरून गुणगुणतात, त्या थरथरीनं पराग झडतो. तेव्हा तुळस असू द्या, फक्त सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. आणि कुठंतरी हातभर कोरडी, उन्हातली माती उघडी ठेवा, ही माशी मातीत घर करते.

मिरचीला दरवर्षी बोकड्या (पानं आकसून मुरडतात तो रोग) येत असेल तर वाफ्याभोवती मक्याच्या किंवा कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, दाट दोन ओळी, मिरची लावायच्या दोन-तीन आठवडे आधी. फुलकिडे, पांढरी माशी वाऱ्यावर येतात, त्यांना ही भिंत अडते. मावा मक्यावर आधी सोंड खुपसून बघतो, त्यात सोंडेला चिकटलेला रोगाचा अंश बराचसा तिथंच पुसला जातो. २०१८ मध्ये मक्यावर लष्करी अळी आल्यापासून मी मका सोडून कडवळ घेते, मक्याच्या पोंग्यात रोज डोकावायला वेळ नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची ओळ गुडघ्याएवढी झाली की कापून वाफ्यावरच पसरा. नाहीतर मिरची सावलीत बसेल.

कुणाला कुणाजवळ बसवू नये, याची माझी यादी छोटी आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच घराण्यातले. एकाचा मर रोग (उभं झाड वाळतं तो) दुसऱ्याला लागतो, म्हणून यांच्यानंतर त्याच वाफ्यात पुन्हा हेच नकोत. भेंडी जास्वंदीजवळ नको. दोघी एकाच कुळातल्या, आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण मुंग्यांच्या मदतीनं भेंडीवर येतो. अंगणात जास्वंद सगळ्यांकडे असते आणि हे कुठल्याच तक्त्यात नसतं. तसंच पपई. पपईच्या पानांवर पिवळे चट्टे आणि फळांवर गोल कडी उठतात तो विषाणू काकडीवर्गातल्या वेलींवरही राहतो आणि मावा त्याची ने-आण करतो. मी पपईच्या बुंध्यावर दुधी चढवला होता, जागा वाचेल म्हणून. पपई गेली. आता मांडव एका टोकाला, पपई दुसऱ्या टोकाला.

वांग्याबद्दल मात्र खोटी आशा देणार नाही. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लगेच आत शिरते, मग तिला ना ढालकिडा सापडतो ना फवारा. कोथिंबीर-बडीशेप मध्ये लावल्यानं थोडा फरक पडतो, पण किडकी वांगी त्यानं थांबत नाहीत. थांबतात ती हातानं. रोज संध्याकाळी वांग्यावरून नजर फिरवायची. एखादा शेंडा मान टाकलेला दिसला की दोन बोटं खालून कापायचा, उभा चिरून बघायचा. आत गुलाबीसर अळी सापडली की बरोबर, नाही सापडली तर अजून खाली कापायचं. शेंडे कंपोस्टात टाकायचे नाहीत, साबणाच्या पाण्यात. जोडीला त्या पतंगाचा कामगंध सापळा. आणि हंगाम संपला की वांग्याच्या वाळक्या काठ्या सरपणाला म्हणून कुंपणाला टेकवून ठेवतात, तेवढं टाळा. कोष त्यातही असतात.

तुमच्या अर्ध्या गुंठ्यात, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांत, चार बाय बाराचे पाच वाफे आणि उत्तरेला एक मांडव आरामात बसेल. मी असते तर यंदा एका वाफ्यात टोमॅटो, टोकांना झेंडू. दुसऱ्यात कोबी, मेथी, कडांना मोहरी. तिसऱ्यात मिरची कडवळाच्या कुंपणात. चौथ्यात चवळी, संपली की पालक. आणि पाचवा वांग्यांना, मध्ये कोथिंबीर. कोपऱ्याकोपऱ्यांत शेपू-बडीशेप. पुढच्या वर्षी सगळे एकेक वाफा पुढं सरकतील, म्हणजे मिरची चवळीच्या जागी आणि टोमॅटो कोबीच्या जागी येईल. वांगी सरकून गेल्या वर्षीच्या टोमॅटोच्या वाफ्यात येतील, ते चालणार नाही, म्हणून त्या वर्षी वांग्यांना सुट्टी द्या आणि तिथं मेथी-पालक घ्या.

पण त्याआधी गेल्या वर्षीच्या टोमॅटोचे बुडखे अजून जमिनीत असतील तर एक उपटा आणि मुळं धुवून बघा. सुजलेली निघाली तर तो वाफा या यादीतून बाहेर काढा आणि दसऱ्यापर्यंत नुसता मखमली झेंडू भरा.